वीतभर पॉवर सप्लाय

लहान, पण हाताला जड... रॉसच्या उजव्या तळहातावर वीतभरही नसलेला तो काळा डबा विटेच्या तुकड्यासारखा बसला होता. एका अंगाला इवला पंखा, दुसऱ्या अंगाला केबली खोचायची भोकं—कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, छोट्या जातीचा. डाव्या हातात त्याचाच धिप्पाड थोरला भाऊ. दुकानातल्या फळीसमोर तो केव्हाचा उभा होता आणि दोन्हींतला एकही त्याला खाली ठेववत नव्हता.

छोटा घेतला, तर लेकीने, ब्रिटाने, कॉम्प्युटरसाठी पसंत केलेल्या बुटाच्या खोक्याएवढ्या कॅबिनेटमध्ये तो बसेल. त्या कॅबिनेटला वर मूठ आहे—म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीने एका हाताने उचलायचं, रविवारी आईच्या गाडीत ठेवायचं आणि निघायचं. मोठा घेतला तर कॅबिनेटही मोठं, टेबलाखालून न हलणारं. मग निदान कॉम्प्युटरसाठी तरी ती इकडे... एक आठवडा त्याच्याकडे, एक तिच्या आईकडे, मार्नीकडे, ही कोर्टाची वाटणी अंगवळणी पडली होती. पण मागच्या दोन पाळ्यांना ती आलीच नाही. एकदा हॉकीचा सराव होता. दुसऱ्यांदा फोनवर नुसतं म्हणाली, "बाबा, माझं सगळं सामान तिकडेच असतं ना." तेव्हा घाईघाईने त्यानेच सुचवलं होतं, आपण दोघं मिळून कॉम्प्युटर जुळवू. आणि आता त्याच कॉम्प्युटरचं पोरीला दावं लावायला निघालास, रॉस. त्याला स्वतःची लाज वाटली, पण डावा हात काही खाली आला नाही.

"अजून ठरलं नाही?" ब्रिटा मागून आली, बुटांचा बर्फ फरशीवर सांडत. "दोन्ही हातांत डबे धरून तराजू झालायस नुसता."

"मोठा शांत चालतो," तो म्हणाला. "छोट्याचा पंखा किरकिर करतो." हे खरंच होतं, तरी बोलताना खोटं वाटलं.

"तुझ्या घोरण्यात कोणाला ऐकू जाणारे!"

तो हसला, पण मान वर करेना. मग तिने त्याच्यासमोर दोन वायरी धरल्या, भिंतीतून वीज घ्यायच्या, साध्या, काळ्या. "या दोन घेऊया. एक तिकडे, एक तुझ्याकडे कायमची लावून ठेव. म्हणजे येताना नुसता कॉम्प्युटर उचलून आणायचा. दर वेळी वायर कोण गुंडाळत बसणार?"

येताना... तिने ते सहज म्हटलं होतं, चिप्सचं पाकीट फोडावं तसं. त्याने मोठा डबा फळीवर परत ठेवला. मनात मात्र ती वायर आत्ताच लोंबू लागली होती—टेबलामागे, एक टोक भिंतीत, दुसरं जमिनीवर मोकळं. ती नसलेल्या आठवड्यात आपण झाडू मारताना ते टोक उचलणार, पुन्हा खाली ठेवणार, आणि पुढच्या रविवारी दाराशी गाडी वाजते का ते ऐकत बसणार... येईल? नाही आली तर?

"ही आखूड आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे ठेवायची लांब घे. खिडकीपाशी बसायला आवडतं तुला."

ती लांब वायर शोधायला गेली. इतका वेळ त्याला तिच्या जाण्याची धास्ती होती. आता तो तिच्या येण्याची वाट बघू लागला होता, आणि ती अजून दुकानातच होती.