पथकाच्या दोराची निरगाठ

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे आणि या क्षणी माझ्यावर चाकू टेकलेला आहे. चाकू धरणारा हात ओळखीचा आहे, म्हणून भीती जास्त वाटते.

दोरवाल्याने मला तागाच्या तीन पेडांतून वळले. पीळ देऊन झाल्यावर तो म्हणाला, "हा माणसाचा भार घेईल." मला विकत घेतले ते शाळेतल्या सरांनी. शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी अकरा मुलामुलींचे स्काऊट पथक नुकतेच सुरू केले होते. रविवारी संध्याकाळी पाचला शिट्टी वाजे आणि मी खिळ्यावरून उतरे. रस्त्यात आडवी पडलेली झाडे मी ओढली, रक्तदानाच्या रांगा सरळ ठेवल्या.

पथकाचा नियम एकच. गाठ एकाने मारायची, सोडवायची दुसऱ्याने. सोडवणाऱ्याचे नख दुखले, तर चूक मारणाऱ्याची. सर सांगत, "सुरगाठ मारा. भार घेते, आणि मोकळं टोक ओढलं की सुटते. निरगाठ नको."

मग एका दुपारी नदी खालच्या गल्लीत शिरली. पाणी छातीपर्यंत आले. पथकाने मला दिव्याच्या खांबापासून शाळेच्या फाटकापर्यंत ताणले आणि मला धरून माणसे येऊ लागली. फाटकाकडची गाठ सरांच्या लेकीने मारली होती. ती तेरा वर्षांची. घाबरून तिने गाठीवर गाठ मारली, तिच्यावर आणखी एक.

सुताराच्या म्हाताऱ्या आईला घेऊन सर मध्यावर आले आणि फाटक हलू लागले.

"सोड तिथून! पायरीच्या कठड्याला बांध!" सर ओरडले.

पाच मुलांनी मला ओढून धरले. ती नखांनी गाठ उकलत होती. "बाबा, सुटत नाहीये!"

भिजून गाठीचा दगड झाला होता. शेवटी सुताराने पटाशीने मला कापले. त्यामुळे मी कठड्याला हातभर कमी पडलो. तो हातभर त्या पाच मुलांनी आपल्या हातांनी भरून काढला. म्हातारी पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मास्तर, माझी कोंबडी राहिली की हो तिकडं!" सगळे हसले. लेक हसली नाही.

पाणी ओसरल्यावर सर तिला एवढेच म्हणाले, "घट्ट म्हणजे पक्कं नव्हे, बाळ." फाटकावरून काढलेला गाठीचा तुकडा त्यांनी माझ्या शेजारी टांगला. "ही तू सोडव. सवडीनं."

मुले मोठी झाली, नवी आली. तिला नोकरी लागली. ती खोलीत डोकावली की सर म्हणत, "तुझी गाठ वाट बघतेय." ती म्हणे, "पुढच्या रविवारी, बाबा."

मागच्या महिन्यात सर गेले आणि रविवारची शिट्टी थांबली. आज रविवार, आणि ही खोली रिकामी करून द्यायची आहे. तंबू आणि काठ्या बांधायला माझे चार तुकडे करायचे, म्हणून तिने चाकू घेतला. मला दाबून धरायला तिने दुसरा हात टाकला, तो नेमका त्या तुकड्यावर पडला.

चाकू थांबला. ती जमिनीवर बसली.

"ताई, चारला गाडी हलणार," टेम्पोवाला दारातून म्हणाला. "कापा ना, सुंभ तर आहे."

"थांबा जरा."

"सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही. शेवटी लेक कोणाची!" टेम्पोवाला पुटपुटला.

पहिली गाठ सुटली तेव्हा तिचे नख तुटले होते. दुसरीला तिने काठीचे टोक लावले. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. तिसरी हलेना. तिने ती ओठांपाशी नेली आणि दातांनी धरली. ती सुटली तेव्हा चार वाजून गेले होते. हातभर तुकडा तिच्या मांडीवर वाकडाच पडून राहिला. ती तोंड झाकून रडली, थोडा वेळ.

मग तिने तो तुकडा माझ्या कापलेल्या टोकाला बांधला. सामान उचलायला आलेली पथकाची मुले दारात उभी होती. त्यांतल्या मोठ्या मुलीने विचारले, "ताई, हा पण टेम्पोत?"

"नाही." तिने मला खांद्यावर घेतले. "आज पाचला, शाळेच्या मैदानावर. शिट्टी कोणाकडे आहे?"

मित्रांनो, न सुटणारी गाठ दिसली, तर चाकू शोधण्याआधी जरा खाली बसा. आणि स्वतः गाठ माराल, तेव्हा सोडवणाऱ्याची नखे आठवा.