धुळीच्या रंगाचा रणगाडा

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. अहो, पळू नका! माझी लांबी तुमच्या मधल्या बोटाएवढी आणि माझ्या तोफेतून आजवर एकही गोळा सुटलेला नाही. मी टेबलावरच्या लढाईतला. तिथे पट्टीने अंतर मोजतात, फासे टाकतात आणि आकडा मोठा पडला की समोरचा गाडा बाद.

माझा जन्म कारखान्यात झाला, असं खोक्यावर छापलंय. मी ते मानत नाही. खोक्यात मी नुसते बेचाळीस राखाडी तुकडे होतो. माझा खरा जन्म धुळ्यात, देवपुरात, रिद्धीच्या अभ्यासाच्या टेबलावर झाला. ती तेव्हा आठवीत होती. तिने एकेक तुकडा कापून सोडवला, कडा घासल्या, मला जोडलं आणि बाटलीच्या झाकणावर बसवून दीड महिना रंगवलं. दीड महिना! तिचा सगळ्यात बारीक ब्रश पापणीच्या केसाएवढा. माझ्या पट्ट्याची कडी रंगवताना ती श्वास रोखायची, मग कडी संपली की "हुश्श!"

दुकानातला पिवळट खाकी रंग तिला पटेना. "असला रंग इथे असतो कुठे?" म्हणत ती गच्चीत गेली, कठड्यावरची मे महिन्यातली धूळ बोटाने उचलली आणि तिच्याशी जुळेपर्यंत रंग कालवत बसली. अकरा वेळा चुकली. बाराव्यांदा ओरडलीच, "धुळ्याचा गाडा धुळीचाच पाहिजे!" मग तिने पातळ तपकिरी रंग माझ्या फटींत सोडला, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा केला आणि माझ्या कडांवरून नुसता फिरवला. काय सांगू! माझा खिळा न् खिळा उठून दिसायला लागला.

पुढची दोन वर्षं आम्ही गाजवली. रविवारी जळगावला तिच्या चुलतभावाकडे, मननकडे लढाई असायची. एसटीत मी डब्यात, कापसाच्या गादीवर. एरंडोल आलं की ती डबा उघडून विचारायची, "आहेस ना रे?" एकदा शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, "काय शे वं त्या डबामा?"

"रणगाडा शे, अक्का!"

"आवं माय!" म्हणत त्या बाजूला सरकल्या. रिद्धीने हसू जळगावपर्यंत पोटात दाबून ठेवलं, ते स्टँडवर उतरल्यावर फुटलं.

मननला माझा हेवा वाटायचा. मग रिद्धीनेच त्याला रंगवायला शिकवलं. आमच्या या कामातले दोन शब्दही शिकवले. पुसणं म्हणजे मऊ ब्रशने धूळ झटकणं. धुणं म्हणजे गाडा स्पिरिटमध्ये बुडवून रंग उतरवणं. "घोळ घालू नकोस हं, मन्या. पुसलेला गाडा उजळतो. धुतलेला परत येत नाही."

दिवाळीत रिद्धीकडे रंगाचा फवारा मारणारं मशीन आलं. एका दुपारी सहा गाडे तयार! मी त्या वेळी मननच्या फळीवर राहून गेलो होतो. "पुढच्या रविवारी नेते," ती म्हणाली. मी किती रविवार मोजले, ते विचारू नका.

एका दुपारी मननने तिला फोन लावला. फोन माझ्या शेजारीच होता, आवाज मोठा.

"रिद्धे, मला हिरवा गाडा एक कमी पडतोय. तुझा जुना इथेच पडलाय. धुऊ का?"

पलीकडे मशीनची घरघर. "काय?"

"धुळीवाला गाडा गं. धुऊ का?"

"हो रे, धू ना! किती विचारतोस! ठेव आता, माझा रंग वाळतोय."

"नक्की ना?" मननने विचारलं. फोन कट झाला होता.

तिने 'पुसू का' ऐकलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण 'धुणं' हा शब्द तिनेच त्याला शिकवलेला होता, मित्रांनो. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत स्पिरिट होतं. मी आत गेलो आणि तो दीड महिना चहाच्या गाळासारखा तळाशी बसला. उरलेलं जुन्या टूथब्रशने निघालं. मग हिरवा रंग लागला. मननने चांगलाच लावला, खोटं कशाला बोलू.

परवाच्या रविवारी रिद्धी आली. लढाई सुरू झाली. तिने फासे टाकले, दोन्ही सहा! "बाद!" ती नाचलीच. आणि बाद कोण? मी.

मननची आई, कुसुमलताकाकी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जैनांच्या घरात लढाया खेळता! बाद केलंस ना? मग त्याची क्षमा माग. नाहीतर बाटी मिळणार नाही."

रिद्धीने मला तळहातावर घेतलं. नाकासमोर धरलं. "मिच्छामि दुक्कडम्, हिरव्या भाऊ! दुखावलं असेल तर माफ कर!" सगळे हसले. तिने मला फिरवून पाहिलं. "मन्या, मस्त रंगवलास की! कडा तर अगदी माझ्यासारख्या काढल्यास. बरं, माझा धुळीवाला कुठे शे? आज नेतेच त्याला."

मनन टेबलावरची पट्टी उगाच सरळ करू लागला.

"अरे, कुठे ठेवलास?"

"तूच सांगितलंस ना रिद्धे, फोनवर. धू म्हणून." त्याने खाली पाहिलं. "तुझ्या हातात आहे तो."

तिने नखाने माझी कड हळूच खरवडली. हिरव्याखाली राखाडी निघालं. आतून काकींनी बाटीसाठी दोनदा हाक मारली. ती उठली नाही.

मित्रांनो, तुमच्या हातची वस्तू जुनी झाली तर देऊन टाका, बदला, हवं तर धुवासुद्धा. पण आधी तिला एकदा हातात घेऊन नीट बघा आणि मग 'हो' म्हणा. डोळे भलतीकडे ठेवून 'हो' म्हणू नका. रिद्धीने त्या दिवशी क्षमा मागितली खरी. पण ती एका परक्या हिरव्या गाड्याची. माझी मागायची राहूनच गेली.