व्हेल्डा जीनच्या कमरेचं पिस्तूल

मी एक पिस्तूल बोलतोय. छोटा, चपटा, काळा. अंगावर बाळगायचा आणि कुणाला दिसू द्यायचा नाही, अशा कामासाठी घडवलेला. आमच्या जातीनं तोंड उघडलं की लोक कान झाकतात, म्हणून मी हळू आवाजात सांगतो.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. यंत्रानं मला कापलं, तासलं. एका बाईनं माझ्या पोटात स्प्रिंग बसवली. एका माणसानं जांभया देत माझ्यातून चार गोळ्या वाळूत झाडून पाहिल्या, पुसलं आणि डब्यात झोपवलं.

त्या स्प्रिंगबद्दल मात्र बोलायला हवं. मोठ्या पिस्तुलात जागा असते, तिथे नरम स्प्रिंग चालते. माझं अंग आखूड. गोळी तीच, ताकद तीच, पण सांभाळायची एवढ्याशा जागेत. म्हणून माझी स्प्रिंग कडक, आणि हाताला बसणारा झटकाही मोठा. मी जितका लहान, तितका वापरायला अवघड. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानात आल्यावर लोक ते कसे विसरतात, देव जाणे.

मी आलो अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या डोंगरातल्या एका गावात. दुकानात मासेमारीच्या काठ्या, गमबूट, हरणांसाठी मक्याची पोती आणि काउंटरपाशी कॉफीचे कप घेऊन बसलेली रिकामटेकडी मंडळी. या मंडळींचा धंदा एकच, मत देणं. कुणी विचारो न विचारो.

व्हेल्डा आली ती मर्लबरोबर. मर्ल तिचा शेजारी. पोट सुटलेला, चर्चमधला मोठा कारभारी. ट्रॅक्टरच्या तेलापासून दुसऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्यातलं त्याला कळायचं.

"या, या, मिस व्हेल्डा! लॉइड कुठेत?" काउंटरमागच्या टकरनं विचारलं. तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं 'मिस' म्हणतात.

"गाडीत बसलाय. मला एक पिस्तूल दाखव बाबा. आमच्या रस्त्यावरच्या शेवटच्या घराचं कुलूप फोडलं परवा. मला रात्री झोप नाही."

तिनं आधी माझ्या शेजारचं मोठं पिस्तूल उचललं. वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, धरून मागे ओढला. सहज आला. तिचा चेहरा खुलला. "हे जमतंय की मला!"

"काहीतरीच काय!" मर्ल म्हणाला. "एवढं धूड कमरेला लावून चर्चमध्ये बसणार? कोंबडी चोरून नेताय असं दिसेल."

सगळे हसले. तीही हसली, पण पिस्तूल खाली ठेवलं.

मग मंडळींना ऊत आला.

"बायकांना छोटंच बरं. आमच्या हिच्याकडे हेच आहे. सुरेख!"

"चालवते का रे ती?"

"चालवते कशाला? पर्समध्ये असतं. पण सुरेख आहे."

"पर्समध्ये मुळीच ठेवू नका. कमरेला लावा. माझ्या कमरेला आहे हे मी विसरूनसुद्धा जातो."

"बाजूला सुरक्षेचा खटका असलेलंच घ्या हं, मिस व्हेल्डा."

"खटका नको! घाईत बोटाला सापडत नाही. तू याचं ऐकू नकोस गं."

या गदारोळात टकरनं मला तिच्या हातात दिलं. ती उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली. मोठमोठी पातेली उचलून अंगठ्याचे सांधे सुजलेले. तिनं माझी स्लाइड ओढली. मी हललो नाही. पुन्हा ओढली, दात आवळून. मी तसाच.

"सवय होईल हो," टकर म्हणाला, आणि तिच्यासमोर दोन बोटांनी ओढून दाखवली.

झाली खरेदी. एवढी मतं पडली, पण गाडीत बसलेल्या माणसाबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही.

लॉइड तिचा नवरा. एके काळी दर शरद ऋतूत अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये तो शिकारीच्या सुरक्षिततेचे वर्ग घ्यायचा. बंदूक कशी धरायची, कशी रिकामी करायची, कुणाकडे कधीच रोखायची नाही. काउंटरवरचे निम्मे शहाणे त्याच्याच हाताखाली शिकलेले. आता त्याची आठवण गळून गेली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलीचं, आणि शेवटी बायकोचं. व्हेल्डाला तो 'बाई' म्हणायचा.

"जेवण छान होतं, बाई," तो अगदी अदबीनं म्हणायचा. "माझी बायको आली की तुमची ओळख करून देतो. तुमचं जमेल."

"बरं," ती म्हणायची आणि ताटं उचलायची.

मला घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या उजेडात, ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी माझ्याशी झटापट करत बसली होती. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, भरून माझ्या मुठीत सरकवलेलं, स्लाइड जागची हलेना. ओढाताणीत माझी नळी तिच्याच पोटाकडे वळली. लॉइड खिडकीपाशी बसला होता. तो उठला. असा उठला की मलाही वाटलं, हा कुणी वेगळाच माणूस आहे. त्यानं मला अलगद काढून घेतलं. मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग आत डोकावून बघणं, मग करंगळीनं चाचपणं, मग नळी जमिनीकडे करून एकदा चाप ओढून खात्री. फटाफट, एकामागून एक. त्याचं बोट कामाशिवाय चापाजवळ गेलं नाही. इतक्या जाणत्या हातात मी कधी पडलो नव्हतो.

"व्हेल्डा जीन," तो खेकसला, "किती वेळा सांगायचं? आधी रिकामं कर, मग काय खेळायचं ते खेळ!"

ती बघतच राहिली. रागावला की तो तिला पूर्ण नावानं हाक मारायचा, लग्न झाल्यापासून. किती महिने झाले होते ती हाक ऐकून! "हो रे, चुकले," एवढंच ती म्हणाली आणि ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडली. लॉइड परत खिडकीशी जाऊन बसला होता. "काय झालं, बाई?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिनं मला टेबलावर घेतलं. केस विंचरले होते. जरा पावडरही लावली होती. मॅगझिन सरकवलं आणि मुद्दाम नळी स्वतःकडे वळवली.

"व्हेल्डा जीन! वेड लागलंय का?"

बस. त्या दिवसापासून हेच आमचं काम. मला रिकामा ठेवून पाहिलं तिनं, पण लॉइड नुसतं बघून "रिकामं आहे ते, बाई," म्हणायचा. भरलेलं मॅगझिन लागायचंच. त्याला धोका दिसायला हवा, तेव्हाच त्याला बायको दिसायची. तिला माझी स्लाइड ओढता येत नव्हती, म्हणून माझ्या नळीत गोळी कधी चढत नव्हती, आणि एवढ्यावर ती स्वतःची समजूत घालायची. एरवी दिवसभर मी तिच्या कमरेला, स्वेटरखाली. चोराचं नाव नाही. लॉइडच्या हाती मी अवेळी पडू नये म्हणून ती मला बाळगत होती. कोंबड्यांना दाणे टाकताना, चादरी बदलताना, त्याची नखं कापतानासुद्धा.

चर्चच्या जेवणात मर्ल भेटला. ताटात तळलेलं चिकन आणि बटाट्याचं सॅलड रचून घेत म्हणाला, "काय म्हणतंय आमचं पिस्तूल? झाली सवय?"

"हो. फार सोबत होते त्याची."

"तरी म्हटलं होतं! लॉइडच्या हाताला लागू देत नाही ना?"

"छे!" व्हेल्डा म्हणाली, आणि स्वेटर खाली ओढून मला नीट झाकलं. मुलीनं, शॉनानं, तिला फोनवर बजावलं होतं, "आई, एक जरी भलतं घडलं ना, तर बाबांना आजारी म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या ठिकाणी ठेवायचं. मग मी ऐकणार नाही." तिकडे गेला की लॉइड कायमचा गेला, हे व्हेल्डाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून कुणाला सांगायचं नव्हतं.

मर्लच्या शेजारच्या बाईनं मग तिची पर्स उघडून तिचं पिस्तूल दाखवलं, गुलाबी मुठीचं. त्यावर पाच-सहा जणांनी आपापली मतं दिली आणि पीचचं गोड पक्वान्न खाता खाता तो विषय बराच रंगला.

लॉइडचे हात सगळ्यात शेवटी बिघडले. मला ते आधी कळलं, कारण मी त्या हातांत होतो. आधी करंगळीनं चाचपणं गेलं. मग आत डोकावणं गेलं. व्हेल्डाला हे दिसायला हवं होतं, समोरच तर बसलेली असायची. पण ती हात बघतच नव्हती. ती त्याचं तोंड बघायची, नाव कधी येतं म्हणून. नाव यायचं, मग तिला बाकी काही नको असायचं.

त्या दिवशी चुलीवर घेवड्याची उसळ रटरटत होती आणि मक्याचा पाव ओव्हनमध्ये होता. तिनं मला घेतलं, मॅगझिन सरकवलं, नळी स्वतःकडे वळवली. लॉइड उठला. त्यानं मला काढून घेतलं आणि आधी स्लाइड ओढली.

आधी मॅगझिन काढायचं असतं, मग स्लाइड. उलट केलं तर मॅगझिनमधली वरची गोळी सरळ नळीत चढते. हे त्यानं निम्म्या जिल्ह्याला घोकून घोकून शिकवलं होतं. गोळी चढली. मग त्यानं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या मनानं मी रिकामा झालो. मी ओरडणार कसा? मला ओरडायची एकच रीत येते, आणि ती त्याच्या बोटात होती.

त्यानं नळी जमिनीकडे केली. एवढं शाबूत होतं म्हणायचं. मग खात्रीसाठी चाप ओढला.

गोळी चुलीशेजारच्या फळीतून खाली गेली. व्हेल्डापासून हातभर अंतरावर. तिला लागलं नाही. धूर, कानात दडे आणि जमिनीला एक भोक, नुकसान म्हणाल तर एवढंच. मी लॉइडच्या हातातून पडलो आणि टेबलाखाली गेलो.

लॉइडनं समोर बघितलं, तर एक परकी म्हातारी भिंतीला टेकून उभी.

"बाई, तुम्ही इथून पळा," तो म्हणाला. "कुणीतरी गोळी झाडलीय. माझी बायको घरात आहे."

"लॉइड, मी इथेच आहे रे. बघ, मला काही झालं नाही."

"बाजूला व्हा! व्हेल्डा जीन! व्हेल्डा जीन!"

तो खोल्याखोल्यांतून हाका मारत सुटला. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं, न्हाणीघराचं दार वाजवलं. ती त्याच्या मागून, "अरे मीच ती, मीच," असं म्हणत. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गोळीचा आवाज ऐकून मर्ल धापा टाकत आला. त्यानं मला टेबलाखालून काढलं, आत बघितलं, जमिनीचं भोक बघितलं. व्हेल्डा खुर्चीत बसली होती.

"तरी मला वाटतच होतं," मर्ल म्हणाला, "एक नंबर मोठं घ्यायला हवं होतं. शिवाय खटकावालं."

त्यानं शॉनाला फोन लावला.

सध्या मी फ्रिजवर, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आहे. काडतुसं मर्ल घेऊन गेला. मला मात्र ठेवून गेला, रिकामं का होईना, घरात असावं म्हणाला. शनिवारी शॉना बापाला न्यायला येणार आहे. त्याची बॅग दाराशी भरून ठेवली आहे. व्हेल्डानं त्याच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला नावाची पट्टी शिवली, तिकडे हरवू नयेत म्हणून.

तुम्हाला कुणी विचारलंच, कमरेला कुठलं पिस्तूल लावू, तर मत द्यायच्या आधी घरात कोण कोण आहे तेवढं विचारा. मी आपलं सांगून ठेवतो. कुणी विचारेल अशी मला आशा नाही.

लॉइडच्या हाका अजून थांबलेल्या नाहीत. गोळीच्या आवाजानंतर बायको सापडली नाही, एवढंच त्याच्या डोक्यात अडकून राहिलं आहे. ज्या हाकेसाठी व्हेल्डानं जीव धोक्यात घातला, ती हाक आता तिला दिवसभर ऐकू येते, आणि तिच्यासाठी नसते. पहिल्या दिवशी ती प्रत्येक हाकेला ओ द्यायची. तो चिडायचा. "तुम्हाला नाही हाक मारत, बाई."

काल संध्याकाळी तो मागच्या ओसरीत जाऊन उभा राहिला आणि झाडांकडे तोंड करून हाका मारायला लागला. आवाज बसला होता. मध्येच थांबून तो तिला म्हणाला, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे. जरा मारता का हाक? माझी लांब जात नाही."

मग ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तोंडाशी हातांचा द्रोण केला, आणि मोठ्यानं, अगदी मनापासून हाक मारली, "व्हेल्डा जीन!"