बसा, अजून हाय!

थळच्या मारुती मंदिरात हिरामणबुवांचं कीर्तन म्हणजे निम्मंच कीर्तन, असं जणू ठरूनच गेलं होतं. पूर्वरंगाचं निरूपण संपून बुवांच्या गळ्यात हार पडला, की मंडळी चपला शोधायला लागायची. उत्तररंगातलं आख्यान ऐकायला उरायचे पेटीवाले, तबलजी आणि गाभाऱ्यातला मारुतीराया.

यंदा कीर्तनाच्या दिवशी सकाळीच उत्सव कमिटीच्या शिवदासने तोंडावर सांगून टाकलं, "बुवा, या वेळी पन आरतीला मानसं न्हाय उरली, तर फुडल्या वर्षी ऑर्केस्ट्रा. पोरं ऐकत न्हाईत माजं."

बुवांनी पांडुरंगाचं नाव घेतलं आणि सुदाम्याचं आख्यान लावलं.

नेमके त्याच दुपारी मांडव्याच्या बोटीतून कॅमेरेवाले उतरले. सोबत गावचाच रितेश. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याने 'मागचा बाक' ही कॉलेजच्या पोरांची विनोदी मालिका लिहिली होती. आता तिच्या आठवणींचा कार्यक्रम निघत होता आणि ती जिथे सुचली, ते देऊळ त्याला दाखवायचं होतं.

"बुवा, आमची पहिली नाटुकली याच ओसरीवर बसली," पाया पडत तो म्हणाला.

"गुरुवारी आठला लागायची ना रं तुजी मालिका? तवा माजं दर गुरुवारचं कीर्तनबी आठलाच. सगळे श्रोते पळवलेस, गधड्या! मी मातुर एक भाग बघितला न्हाय."

"एकपण नाही?" रितेश नुसता गालात हसला.

कॅमेरे आलेत म्हटल्यावर संध्याकाळी मांडव फुलून गेला. पूर्वरंग रंगला. शिवदासने बुवांना हार घातला, बुक्का लावला. दिग्दर्शिका हेमाली मुंबईची, तिचं हे पहिलंच कीर्तन. हार म्हणजे सत्कार आणि सत्कार म्हणजे समारोप, एवढंच तिला ठाऊक. तिने खुशाल सांगितलं, "पॅकअप!"

शूटिंगचे दिवे विझले, मंडळी उठली. कीर्तनातली शुद्ध भाषा विसरून बुवा ओरडले, "आरं बसा! अजून हाय!"

क्षणभर सगळे थबकले. मग असा हशा उसळला म्हणता! शिट्ट्या काय, टाळ्या काय! अख्खा मांडव एका सुरात ओरडला, "बसा, अजून हाय!"

बुवांचा चेहरा उतरला. आपली टर उडवतात की काय?

रितेश लगबगीने पुढे आला. "बुवा, मालिकेतला कँटीनवाला पोरं उठायला लागली की दर भागात हेच ओरडायचा. लोकांनी डोक्यावर घेतलं ते. पण वाक्य माझं नव्हेच. लहानपणी मी त्या खांबाला टेकून बसायचो. हार पडला की तुम्ही हेच ओरडायचात."

"म्हंजे माजेच श्रोते माज्याच वाक्यानं पळवलेस?"

"व्हय, बुवा."

बुवांना हसू आवरेना. "मंग भरपाई कर. बस खाली, आरतीपत्तुर!"

रितेश बसला, तसे सगळेच बसले. हेमालीही सतरंजीवर मांडी घालून बसली. बुवांनी चिपळ्या उचलल्या.

"तर मंडळी, सांदीपनींच्या आश्रमात दोन मुलं होती. मागच्या बाकावरची."

मांडव पुन्हा हसला. पण मित्र आल्याचं कळताच द्वारकेचा राजा अनवाणी धावत सुटला, तेव्हा चपलांची कुणाला आठवणच राहिली नाही.

आरती झाली आणि शिवदास रिकामं ताट घेऊन धावत आला. "बुवा, खिरापत संपली! दरसालच्या अंदाजानं केलेली. अर्धा मांडव बाकी हाय, आता काय वाटू?"

"पोहे वाट," बुवा म्हणाले. "मूठमूठ. सुदाम्याचे हायत, पुरतील."

"फुडल्या वर्षी खिरापत दुप्पट करावी लागंल," असं पुटपुटत शिवदास पोहे आणायला पळाला.