अजिंक्य खेळाडू, शुक्रवार पेठ

एकोणऐंशी साली आमच्या गल्लीत टीव्ही असलेलं एकच दुकान होतं, माझं. आणि त्या टीव्हीवर खरखरीशिवाय काही दिसत नव्हतं. पुण्याचं चित्र सोलापूरपर्यंत यायचंच नाही. मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, माझी अक्कल नको तिथे फार चालते. मुंबईहून एक चिप आणली, लाकडी खोक्यात बसवली, फिरवायची दोन बटणं लावली आणि टीव्हीला जोडली. पडद्यावर दोन पांढऱ्या बॅटी आणि एक चेंडू आला. चेंडू चौकोनी का, असं कुणी विचारलं तर अमेरिकेत तसाच असतो म्हणून सांगायचो.

बाहेर बोर्ड लावला: 'बसल्या जागी टेनिस! घाम नाही, धाप नाही! अजिंक्य खेळाडू शिवयोगी यांच्याशी सामना.' शिवयोगी म्हणजे मी. अजिंक्य हा शब्दही पेंटरने सुचवला नव्हता, माझाच.

आठवडाभरात अजिंक्यपण गेलं. विणकर मंडळी मागावरून सुटली की यायची. दिवसभर पळत्या धोट्यावर नजर ठेवणारी माणसं ती, चेंडू त्यांच्याकडून सुटेचना. मी बांधलेल्या खेळात रोज मीच मार खायचो आणि लोक हसायचे. शेवटी उजव्या बटणात गुपचूप एक रेझिस्टन्स जोडला. त्या बाजूची बॅट तळापर्यंत पोचेनाशी झाली. चेंडू खाली मारला की गुण आपला. उजवी खुर्ची पंख्याखाली होती, ती आलेल्याला आग्रहाने द्यायची. पाहुणचारही झाला आणि मी पुन्हा अजिंक्य.

अशात मोहोळचे धान्यव्यापारी शंकरप्पा मुलीला, दाक्षायणीला घेऊन सिद्धेश्वराच्या दर्शनाला आले. आमच्या अव्वाने, म्हणजे आईने, त्याच दिवशी दुकानामागच्या आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम ठरवला. पोहे झाल्यावर शंकरप्पा म्हणाले, "पोराचा धंदा तरी बगू."

मी दाक्षायणीला पंख्याखाली बसवलं आणि पंधरा-शून्यने हरवलं. शहाण्या माणसाने एवढ्यावरून ओळखावं की मी लग्नाला अजून कच्चा होतो. मी मात्र शाबासकीची वाट बघत होतो.

ती म्हणाली, "आता मी तिकडं बसू?"

"तिकडं वारा लागत नाही."

"मला उकडत न्हाई की."

जागा बदलल्या. तिचा प्रत्येक चेंडू तळाला आला. पंधरा-शून्य. ती पदर सावरून उठली. अव्वा पोह्यांच्या रिकाम्या बशांकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी मोहोळहून निरोप आला. मुलगी म्हणते, घरी आलेल्या पाहुण्याला हरवायला ज्याला आधी तयारी लागते, त्याच्याकडे जन्म कसा काढायचा?

मला ती आवडली होती. अगदी मनापासून आवडली होती. म्हणून तर जिंकायचं होतं, आणि जिंकून मी ती घालवली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. अव्वा म्हणाली, "रडतोस काय, केलंस ते निस्तर."

रेझिस्टन्स काढून टाकला. टीव्ही आणि खेळाचं खोकं चादरीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन मोहोळला गेलो. कंडक्टरने टीव्हीचंही तिकीट फाडलं.

दारात शंकरप्पा म्हणाले, "ह्यो काय घेऊन आलाय?"

"खेळ. त्या दिवशी उजव्या बटणात लबाडी होती, माझीच. काढून टाकली. एकदा खेळू द्या, मग हाकला."

ते आत बघायला लागले. दाक्षायणी बाहेर आली. मी म्हणालो, "बाजू तुम्ही निवडा." तिने उजवीच निवडली. आधी बॅट सावकाश तळापर्यंत नेली, परत वर आणली, मग मान हलवली.

मी जीव तोडून खेळलो. पंधरा-चारने हरलो.

शंकरप्पा कपाळाला हात लावून हसले. "अवो, हरायला येवढ्या लांब आलात व्हय!" मग मुलीकडे वळले. "आता काय सांगू यास्नी? पैल्यांदा न्हाई म्हनालीस, आता तर पोरगा सरळच हरला की."

दाक्षायणीने बटणावरचा हात काढला नव्हता.

"चार तरी खरे हायत की, अप्पा."