नळाच्या रांगेतला पिवळा कॅन

मित्रांनो, मूठ तडकलेला, उन्हाने फिकटलेला एक जुना पिवळा कॅन तुमच्याशी बोलतो आहे. आधी माझ्यात पामतेल होते. ते संपल्यावर मी व्होल्टा सरोवराकाठच्या या गावात पाणी वाहू लागलो. खरे तर वाहायची सेनाम. मी तिच्या डोक्यावर असायचो.

सेनाम अकरा वर्षांची. शाळेत घालते असे सांगून आत्याने तिला पलीकडच्या काठावरून आणले होते. उठल्यावर झाडलोट, भांडी, मग नळ. शाळेत गणिताचा तास पहिला असे, कारण तेव्हा मुलांची डोकी ताजी असतात. सेनामचे डोके तेव्हा माझ्याखाली असे.

ती पोहोचेपर्यंत फळ्यावर फक्त उत्तर उरलेले असे. अपूर्णांक शिकायचे राहिले, म्हणून पुढे दशांश कळेनात. सर तिला मठ्ठ म्हणत. हळूहळू तीही स्वतःला तेच म्हणू लागली.

"या खेपेला गणितात नापास झालीस तर शाळा बंद," आत्याने बजावले होते. "पाणी भरायला कुणी परीक्षा घेत नाही."

आमच्याकडे नळावर माणसाऐवजी कॅन उभा असला तरी नंबर धरतात. एका सकाळी सेनामने मला रांगेत ठेवले. "जागा सोडू नकोस हं!" म्हणाली आणि शाळेकडे धावली.

रांग पुढे सरकली. मला सरकवायला कुणी नव्हते.

"हा मोडक्या मुठीचा कुणाचा गं?"

"बाईसाहेब गणित शिकायला गेल्यात!"

"शिकू दे की. पाणी भरायला मास्तर येतील!"

हसत हसत कुणीतरी मला पायाने बाजूला सारले. थोड्या वेळाने नळ गेला.

सेनाम उड्या मारत परतली. "अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव! मला आलं!" तिने मलाच सांगितले. मग मला उचलले. मी हलका लागलो, तशी तिने नळ फिरवून पाहिला. तो कोरडा होता.

आत्या ओरडली नाही. "बरं," एवढेच म्हणाली. त्यानंतर सेनामचा गणवेश वाळत घातलेला मला दिसला नाही.

काल बाजारातून एक छोटा कॅन आला. सेनामची धाकटी बहीण डेला उद्याच्या होडीने येणार आहे. आत्या शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "हिलाही शाळेत घालणार हो!"

मित्रांनो, पहिल्या तासाला तुमच्या वर्गात एखादी जागा रोज रिकामी राहत असेल, तर त्या मुलीला मठ्ठ म्हणू नका. ती कुठे आहे ते आधी विचारा. आजच विचारा.

आत्ता सेनाम तो छोटा कॅन विसळते आहे. तिने त्याला माझ्या शेजारी उभे केले, दोघांची उंची न्याहाळली.

"अर्धा," ती पुटपुटली.

उत्तर बरोबर होते.