कुलूप ओढून बघणं

चिंपांझी माझी आंधळी नक्कल करत नाहीत, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक काचेची पेटी आहे. मी आधी तिच्या झाकणावर काडीने उगाच टकटक करते, मग खालचं दार उघडून खाऊ काढते. आरपार दिसतं, टकटकीचा खाऊशी काडीचाही संबंध नाही. चिंपांझी ती टकटक गाळून थेट खाऊवर हात मारतात. माणसांची पोरं मात्र इमानेइतबारे टकटक करतात. मोठं माणूस करतंय म्हणजे त्यात काहीतरी असणारच!

हे मी पाहुण्यांना हसत हसत सांगते. घरातून निघताना मात्र कुलूप ओढून बघते, जिना उतरते, परत वर जाते, पुन्हा ओढते. कुलूप लागलंय हे ठाऊक असतं, तरी जीव थाऱ्यावर नसतो.

परवा आमची चार वर्षांची लेक भिंगरी बाहुलीच्या घराचं दार ओढून बघत होती. थोडी पुढे गेली, परत आली, पुन्हा ओढलं. कपाळावरची आठीसुद्धा माझीच. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं.

"अगं, मुलं करतातच असं," नवरा म्हणाला.

"म्हणूनच तर! मला जे छळतंय, ते हिच्या मागे नको लागायला."

हिच्यासमोर कुलूप तपासायचं नाही, असं ठरवूनच टाकलं. आज सकाळी भिंगरीला बाहेर काढलं, किल्ली फिरवली आणि सरळ निघाले. जिन्याच्या पहिल्याच वळणावर हात शिवशिवायला लागला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, ओठ चावला आणि तशीच रेटून खाली आले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. स्वतःची पाठ थोपटावी असं वाटत होतं.

"आलीस का गं?"

वळून पाहिलं. भिंगरी एकेक पायरी जपून उतरत होती. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. ओठ दाताखाली.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. बोटं लाल झाली होती.

"आई, हात आता सोडायचा का?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. माझंही मनगट अजून माझ्याच मुठीत होतं.